जास्तीच्या आठ

तेवीस होत्या.
बुराईकाठचा पाला पंधरांपुरता.
हे गणित मला कडब्याच्या पेंढीनं शिकवलं.
पूर्वी कपाशी वेचून झाली की शेतकरीच निरोप धाडायचा,
चार राती बसव गं मेंढ्या वावरात,
दोन पायल्या दादर घेऊन जा.
आता वेचणी संपते त्याच सांजेला
रोटाव्हेटर उभा असतो बांधावर.

जास्तीच्या म्हणजे म्हाताऱ्या नव्हेत.
म्हाताऱ्या कोण घेतं आणि कशासाठी, ते ठाऊक आहे.
मी काढल्या त्या चारदाती, सहादाती,
भरल्या कासेच्या,
दर वेताला कोकरू उभं करणाऱ्या.
चांगलं तेच विकलं जातं, म्हटलं घरधन्याला.
तो मोडका पाय खाटेवर ठेवून
छताकडं बघत राहिला.
कपाळावर गेरूचं बोट ओढताना
एकीचं पुसलं,
दुसरीला ओढलं,
पुन्हा पहिलीलाच ओढलं.

धुळ्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला
आणि तसाच हातात धरून उभा राहिला.
रुमालाखाली बाईची बोटं कशी दाबायची?
माझ्या मागं बघून म्हणाला, 'संगे कोन शे?'
मीच. तोंडानं बोला.
मग त्याला बोलावं लागलं, चारचौघांत.
बोटांत लपतो तो आकडा
तोंडातून बाहेर पडला की उघडा दिसतो.
शेजारचे हसले, तसा त्यानं दोनदा वाढवला.
तरी तो वजनाचा भाव करत होता,
मी वेताचा.

तेवढ्यात वाल्मीक.
शिंदखेड्याकडचं पोरगं, पायात नवे बूट,
कळप सुरू करायचा म्हणत होतं.
दात बघायला अंगठा थेट दाढेकडं घातला त्यानं.
अरे पुढून धर, ओठ उचल, म्हटलं, बोट जाईल.
कान बघितले, खूर बघितले,
कुणाकडून तरी शिकून आल्यासारखे.
चौथीचा एक सड बंद आहे, हेही मीच सांगितलं.
व्यापारी रुमाल झटकत म्हणाला,
'बाई, तुले इकता येत नही.'
नसेल येत.
पण तिला जुळं झालं आणि त्यातलं एक उपाशी मेलं
तर हे पोरगं वर्षभर माझं नाव घेईल.
त्यानं चौथीचे पाचशे कमी केले.
मी करू दिले.

टेम्पोत पहिलीला ओढून चढवलं.
बाकीच्या सात आपसूक चढल्या, पुढचीच्या शेपटामागं.
मेंढीची ही खोड.
आज मी तिचा फायदा घेतला.
निम्मे पैसे रोख,
निम्मे फोनवर, टुणकन वाजून आले.
रोखीला घरी येईस्तोवर लोकरीचा वास लागला होता.
फोनला कसला लागणार?

रात्री भाकरी तव्यावर असताना तोच फोन वाजला.
'मावशी, खात नाहीत हो.
भिंतीकडं तोंड करून उभ्या आहेत आठही.
नावं काय ठेवलीत त्यांची?'
नावं कुठली रे.
नावं ठेवली असती
तर गेरूचं बोट उठलं असतं का?
त्यांच्या कानापाशी धर फोन, म्हटलं.
आणि जीभ टाळूला लावून दिली हाळी,
पहाटे तळ हलवताना देते ती, सासूच्या घशातली:
हुर्रर्र... हा... हुर्रर्र.

तिकडं काय झालं कळलं नाही. रेंज गेली.
इकडं वाघरीत
पंधरा जणी अंधारात उठून उभ्या,
कान टवकारून, निघायला तयार.

घरधनी खाटेवरून म्हणाला, बसव त्यांना.
तवा उतरवून गेले.
उठवायची हाळी आहे आमच्यात,
बसवायची नाही.